वजनांवरचा रंग

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला कुणी नापास होत नाही. थिअरीला होतात, चांगले ढिगाने होतात. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की जिन्यावर मुली डोळे पुसत बसलेल्या असतात आणि मुलं पेपर काढणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत असतात. पण प्रॅक्टिकलला नापास होणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपाशी उठणं. कुणी तसं उठलंच तर वाढप्याला कुणी विचारत नाही, उठणाऱ्याकडेच सगळे बघतात. जिची ही गोष्ट, ती मुलगी दोनदा उठली होती.

मी रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या तोंडाबद्दल मी वेगळं सांगायला नको, स्टाफरूममध्ये कुणालाही विचारा, चहा निवेपर्यंत सांगतील. बहुधा त्या तोंडामुळेच कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाहेरून मूल्यांकन समिती यायची होती आणि प्राचार्यांना वाटलं, ही बाई बाकीच्यांना कामाला लावेल. लावलंही मी. विज्ञान शाखेत किती मुलं येतात, किती टिकतात, कुठे गळतात, हे उकरून काढायला लागले आणि जे दिसलं त्याने जीव खालीवर झाला. आत डोंगराकडच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्याच वर्षात आमच्या हातून निसटत होती. कुणी मुंबईला जात होतं, कुणी नुसतंच यायचं बंद होत होतं. त्यांच्या घरी कधी कुणी विचारायला गेलं नव्हतं.

प्राचार्यांनी मला बोलावलं ते मात्र यासाठी नाही.

"मॅडम, थिअरीचं जाऊ दे," ते म्हणाले. "ते एका वर्षात सुधारणारं नाही. पण प्रॅक्टिकलचा निकाल आपल्याला पूर्ण दाखवता आला असता हो. एकच मुलगी अडकलीय. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची केटी राहिलीय. जरा बघा ना तिच्याकडे."

"बघू म्हणजे काय करू?"

"समजावून सांगा. बाकीची मुलं करतात तसं करायला सांगा."

बाकीची मुलं काय करतात ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमच्याकडे त्याला 'जुळवणं' म्हणतात. प्रयोगाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. मुलं ते आधी बघतात, मग त्यावरून उलटं गणित करून रीडिंग्ज लिहितात, आणि मधे एखाद-दुसरं रीडिंग मुद्दाम जरासं चुकवतात, म्हणजे खरं वाटावं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना हे शिकवतात. प्रयोगशाळेत "जुळलं का गो?" हे "जेवलीस का?" इतकं सहज विचारलं जातं. ही रीत इथलीच आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं आमच्याकडे तासिकेवरचे शिक्षक घेतात, ते दर वर्षी नवे असतात, आणि ज्याची पुढच्या जूनमध्ये जागा राहील की नाही याचा भरवसा नाही, तो मुलांची रीडिंग्ज कशाला उसवत बसेल? त्याने तरी का वाईटपणा घ्यावा.

तर मी त्या मुलीला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, कुणीतरी घाबरट, गोंधळलेली पोर असेल. आली ती सरळ समोर उभी राहिली. बारीक, उंच, केस घट्ट बांधलेले, चपलांना लाल माती. पालीच्या पुढे आत तिचं गाव. तिथल्या बौद्धवाडीतून विज्ञानाला आलेली ती पहिलीच मुलगी होती. वडील विरारला एका सोसायटीत वॉचमन, आई गावी भात आणि नाचणी बघते. पहाटेची एसटी पकडून येते आणि संध्याकाळच्या एसटीने जाते, हे सगळं मी विचारल्यावर तिने एकेका वाक्यात सांगितलं, जास्तीचा एक शब्द नाही.

"आणि नापास कशी झालीस?"

"उत्तर येत नाही मॅडम."

"येत नाही म्हणजे?"

"वीस यायला पाहिजे. माझं सतरा येतं. कधी साडेसतरा."

परीक्षेला दर वेळी हाच प्रयोग असतो. तसा साधा आहे. लोखंडाची लांब पट्टी एका बाजूने टेबलाला घट्ट पकडायची, दुसऱ्या टोकाला पन्नास-पन्नास ग्रॅमची वजनं एकेक करून अडकवायची, आणि दर वजनाला पट्टी किती खाली वाकली ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. त्यावरून त्या धातूचा ताठपणा काढतात. पुस्तकात तो वीस दिलाय. पुढची शून्यं तुमच्या उपयोगाची नाहीत, सोडून द्या.

"मग बाकीच्यांनी काय केलं ते तू का नाही केलंस?" मी विचारलं. खोटं कशाला सांगू, मला तिचा थोडा रागच आला होता. मला वाटलं, ही हट्टी आहे, आणि हट्टाचे लाड करायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"करता येतं मॅडम मला. पण मग मला कळणारच नाही ना, माझं कुठे चुकतंय."

इतकी वर्षं शिकवतेय, मला हे वाक्य कुणा विद्यार्थ्याने ऐकवलं नव्हतं. आणि ते वाक्य बोलणारी मुलगी आमच्या पूर्ण निकालातला एकुलता एक डाग होती.

तिचं काय पणाला लागलंय तेही मी तिच्याकडूनच काढून घेतलं. पहिल्या वर्षाची केटी, म्हणजे राहून गेलेला विषय, सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. मार्चमध्ये शेवटची संधी होती. नाही सुटली तर वर्ष जाणार, आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं की वर्ष गेलं तर पुरे, विरारला ये, पॅकिंगच्या कामाला जागा बोलून ठेवलीय. वडील दुष्ट नव्हते. शिक म्हणणारे तेच होते. पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाला 'प्रॅक्टिकलला नापास' कसं समजावणार? त्यांना वाटत होतं, पोरगी हाताने काम करण्याच्या परीक्षेत नापास झाली म्हणजे तिचं लक्षच नाही.

"चल," मी म्हटलं, "माझ्यासमोर करून दाखव."

दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. तिने पट्टी लावली, ती हलतेय का ते बोटाने बघितलं, वजन अडकवलं, थांबली. पट्टी थरथरायची पूर्ण थांबेपर्यंत ती थांबली. मग डोळा लावला. वाचलं, डोळा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं, मगच लिहिलं. मी बाजूला स्टुलावर बसून चूक शोधत होते. मला चूक सापडायलाच हवी होती, माझ्याच धंद्याचा प्रश्न होता. एकही सापडली नाही. मग मी तिला उठवलं आणि स्वतः बसले. माझंही सतरा आलं.

मग आम्ही दोघींनी एकेक वस्तू तपासायला घेतली.

आता आमच्या प्रयोगशाळेच्या काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे आमचे परिचर, मिरकरवाड्यातले. वडील बंदरात होड्यांना रंग द्यायचे, आणि काकांच्या हातात तोच ब्रश आलेला. इथल्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही, खिडकीचे गज असोत की गेटचा कडीकोयंडा. म्हणून रत्नागिरीत जो तो पावसाळ्याआधी हातात रंगाचा डबा घेतो. काका तेच प्रयोगशाळेत करायचे. स्टँड रंगवायचे, क्लॅम्प रंगवायचे, टेबलाचे पाय रंगवायचे. कुठली तपासणी, कुठली समिती येणार असली की सगळ्यांवर एक ताजा हात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. जीव होता त्यांचा त्या खोलीवर. आमच्या प्रयोगशाळेइतकी चकचकीत प्रयोगशाळा जिल्ह्यात नाही असं येणारे म्हणायचे आणि काका दाराशी उभे राहून ते ऐकायचे.

माझं लक्ष वजनांकडे गेलं ते मुलीमुळे. ती एक वजन उचलून त्याची खाच बघत होती. ही वजनं म्हणजे चपट्या चकत्या, मधोमध एक खाच, त्या खाचेतून ती हुकाच्या दांडीवर सरकतात. "मॅडम, ही खाच इतकी अरुंद का?" तिने विचारलं. "मला दर वेळी ब्लेडने खरवडून वजन बसवावं लागतं."

मी ते वजन हातात घेतलं. जाड, गुळगुळीत हिरवा ऑइल पेंट. वर पांढऱ्या रंगाने, ब्रशने, सुबक अक्षरात '५०'. तो आकडा काकांचा होता. कारखान्याने कोरलेला आकडा खाली कुठेतरी बुजून गेला होता. माझ्या डोक्यात उजेड पडला.

रसायनशास्त्राच्या विभागात डिजिटल काटा आहे. आम्ही दोघी एका ट्रेमध्ये सगळी वजनं घेऊन तिकडे गेलो. पहिलं ठेवलं, सत्तावन्न. दुसरं, छप्पन्न आणि वर थोडं. तिसरं जवळजवळ अठ्ठावन्न. एकही पन्नासच्या जवळपास नव्हतं. इतक्या वर्षांचे रंगाचे थर, आणि थरांखाली गंज. मुलीने तिथल्या तिथे गणित केलं, पन्नासच्या जागी खरं वजन घालून. उत्तर विसाला लागून आलं. तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. एखादी वस्तू खूप दिवस शोधावी आणि ती घरातच सापडावी, तसा आवाज होता.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "दोन्ही वेळा."

आणि मग आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आलं. बाकीच्यांचं काय? त्या फुगलेल्या वजनांवर वर्षानुवर्षं प्रत्येक बॅचचं उत्तर वीस येत होतं. प्रत्येकाचं. कुणाचंही वीस येणं शक्यच नव्हतं.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, माणूस वाईट नाही, थकलेला आहे.

"नवी वजनं मागवू," ते म्हणाले. "पण खरेदीला वेळ लागतो. समिती येऊन जाऊ दे."

"तोवर यावरच खरं वजन लिहू. मार्कर घेते आणि आत्ता लिहिते."

"मॅडम, समिती प्रयोगशाळेत येणार आणि आपण पन्नासच्या वजनावर सत्तावन्न लिहून ठेवणार?"

"आहेच सत्तावन्न!"

"प्लीज," ते म्हणाले. "एक्स्टर्नल येतील त्यांना तुम्ही सांगा हवं तर. मुलीचं नुकसान मलाही नकोय."

एवढं तरी मिळालं म्हणून मी उठले. मुलीला सांगितलं, काही जुळवू नकोस, जे दिसेल ते लिही, मी परीक्षकांना सगळं सांगणार आहे, काट्यावरचे आकडे माझ्याकडे आहेत. ती हो म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसलेली मी बघितली.

मार्चमधली परीक्षा. पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर तिलाही बसायचं होतं, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या रांगेत. खिडक्यांतून उन्हाची तिरीप, पंखे नुसते आवाज करत होते. बाहेरून आलेले परीक्षक वयाने माझ्याहून लहान होते. सकाळी एका कॉलेजात परीक्षा घेऊन आले होते आणि संध्याकाळी गुहागरच्या बाजूला आणखी एका ठिकाणी पोचायचं होतं. मी त्यांना चहा दिला आणि सगळं नीट सांगितलं. वजनं, रंग, काटा. आकडे समोर ठेवले.

त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पण मॅडम, आत्ता मी उत्तरं बघून आलो. सगळ्या मुलांचं वीसच येतंय. वजनं चुकीची असती तर सगळ्यांचं चुकलं असतं ना?"

हे ते प्रयोगशाळेतच, सगळ्यांच्या समोर म्हणाले. मी सांगते, माझं डोकं असं तापलं की मला आवाज आवरला नाही. "सगळ्यांचं वीस येतंय कारण सगळ्यांनी जुळवलंय," मी म्हटलं.

मुलांचे हात जागच्या जागी थांबले. काका दाराशी उभे होते.

परीक्षकांचा चेहरा बदलला. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "मग काय करू? सगळ्यांना नापास करू? तुम्ही या कॉलेजच्या आहात, तुम्ही म्हणालात तर करतो. मला दुसरा मार्ग नाही. किंवा सगळ्यांचं बरोबर आणि एकीचं चूक. दोन्ही एकदम बरोबर कसं देऊ?"

मी मुलांकडे बघितलं. पहिल्या वर्षाची, सतरा-अठराची पोरं. कुणी लांज्याहून आलेलं, कुणी पावसच्या बागेतल्या राखणदाराची मुलगी, कुणाचे वडील मुंबईत. ज्यांना गळू देऊ नये म्हणून मी वर्षभर धडपडत होते तीच ही मुलं. त्यांनी तेच केलं होतं जे त्यांना इथे शिकवलं गेलं होतं. त्यातलं प्रत्येकजण माझ्याकडे बघत होतं आणि प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक विरार उभं होतं. आयुष्यात कधी नाही ती माझी बोलती बंद झाली.

मग मला कागदाचा आवाज आला. ती मुलगी खाली वाकून लिहीत होती. तिने अर्धवट लिहिलेला तक्ता एका सरळ रेघेने खोडला, पान उलटलं आणि नवा तक्ता आखला. पट्टीकडे तिने बघितलं नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. एकामागून एक आकडे लिहीत गेली, न थांबता, जसे ते तिला पाठच होते. मधे एका रीडिंगला जरा थांबली आणि ते मुद्दाम थोडं चुकवलं. मग गणित केलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"झालं सर," ती म्हणाली. "मघाशी माझं एक रीडिंग चुकलं होतं. आता वीस आलं."

परीक्षकांनी तिचा कागद बघितला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "बघा मॅडम," ते म्हणाले, "येतंय की." तिला त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरं दिली. त्या खोलीतले सगळ्यात जास्त मार्क तिला पडले. लहान मुलं पुन्हा कामाला लागली. तिने दप्तर आवरलं आणि माझ्यासमोरून जाताना थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

"येते मॅडम. एसटी आहे," एवढंच म्हणाली.

मी साठवणीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. कुणी मला विचारलं की तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत शिक्षण म्हणून काय झालं, तर मला तो खोडलेला तक्ता आठवतो. आम्ही सगळ्यांनी मिळून, कुणीही वाईट नसताना, एका मुलीला खोटं लिहायला लावलं, आणि ते तिने आम्हाला वाचवण्यासाठी लिहिलं.

एप्रिलमध्ये समिती आली. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या एका सदस्यांनी वजनांचा स्टँड हातात घेऊन म्हटलं की उपकरणांची निगा उत्तम आहे. प्रॅक्टिकलचा निकाल पूर्ण होता. प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी समितीला विद्यार्थी कुठे गळतात ते सांगितलं, त्यासाठी काय करायला हवं तेही सांगितलं. वजनांबद्दल बोलले नाही. त्या मुलांच्या गुणपत्रिका अजून हातात आल्या नव्हत्या, मी बोलले असते तर त्या अडकल्या असत्या.

मे महिन्यात कॉलेज ओस पडलं तेव्हा मी काकांना ट्रे घेऊन बसवलं. त्यांना त्या परीक्षेच्या दिवसापासून सगळं माहीत होतं, पण आमच्यात बोलणं झालं नव्हतं. मी म्हटलं, हा रंग काढायचा.

काकांनी एक वजन उचललं, अंगठ्याने पुसलं. "मॅडम, खाऱ्या हवेत लोखंड उघडं ठेवायचं होय?" ते म्हणाले. "माझं काय चुकलं वो? मी तर जपत होतो."

"तुमचं काही चुकलं नाही काका."

"नाय कसं. त्या पोरीचं वर्ष जात होतं माझ्या रंगापायी." त्यांनी वजन ट्रेमध्ये ठेवलं. "मला कुणी बोललंच नाय. एकदा तरी कुणी बोलायचं, की काका, ही वजनं हायत, होडी नाय."

त्यांना कुणी सांगणार कसं? कुणाला कळलंच नव्हतं. कळायला कुणीतरी एकदा तरी खरं मोजायला हवं होतं.

आम्ही रॉकेल घेतलं, जुनी ब्लेडं घेतली, पॉलिश पेपर घेतला. हिरव्याच्या खाली करडा निघाला, त्याच्या खाली निळा, मग पुन्हा हिरवा, मग लाल. काकांना प्रत्येक रंग कुठल्या तपासणीचा ते आठवत होतं. सगळ्यात खाली गंजाने खाल्लेलं, खडबडीत लोखंड लागलं, त्यावर कोरलेला पन्नासचा आकडा अर्धा उरलेला. साफ झालेली वजनं आता पन्नासपेक्षा कमी भरत होती, प्रत्येक वेगळी. मी काट्यावर ठेवून आकडा सांगायचे आणि काका कागदाच्या छोट्या पट्टीवर तो लिहून चिकटवायचे. त्यांचं अक्षर तसंच सुबक होतं. नवी वजनं येतील तेव्हा येतील, तोवर ही खरी तरी बोलतील असं मी म्हटलं.

निकाल लागल्यावर ती आली. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला आली होती, सोबत वडील होते, खास रजा काढून आलेले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, बारीक चणीचा माणूस. मला म्हणाले, "बाई, तुम्ही लक्ष घातलंत म्हणून पोरगी सुटली. पहिली आली म्हणे प्रॅक्टिकलात." मुलीने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, सांगू नका म्हणून. मी म्हटलं, "तिची तीच सुटली." हे मात्र खरं होतं. ते ऑफिसात प्रवेशाच्या रांगेला गेले.

ती गेली नाही. दारात घुटमळली.

"मॅडम, प्रयोगशाळा उघडी आहे?"

"का गं?"

"तो प्रयोग करायचाय. त्या दिवशी केला नव्हता ना."

मी किल्ली दिली, पण मग मीही तिच्या मागोमाग गेले. काकांनी पट्टी आणून दिली, खुर्ची पुसली आणि ट्रे तिच्यासमोर ठेवला. तिने ती उघडी, खडबडीत वजनं बघितली, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. एकावर सेहेचाळीस, एकावर सत्तेचाळीस आणि थोडं. मग तिने वर बघितलं.

"याला मार्क नाहीत ना मॅडम?"

"नाहीत."

"मग बरं," ती म्हणाली. पहिलं वजन अडकवलं आणि पट्टी थरथरायची थांबेपर्यंत थांबली.